आरएफच्या आधी आरसा

पलंगावर उताणे पडा आणि हातातला आरसा चेहऱ्यासमोर धरा. गाल कानाकडे सरकलेले दिसतील, जबड्याची कड स्वच्छ दिसेल आणि नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी बरीच फिकी झालेली असेल. आता उठून बसा, आरसा मांडीवर ठेवा आणि मान खाली घालून त्यात पाहा. हा दुसरा चेहरा कुणालाच आवडत नाही, पंचविशीतल्यांनाही नाही, तेव्हा दचकू नका. बघायचं आहे ते या दोन चेहऱ्यांमधलं अंतर. ते जितकं जास्त, तितका चेहरा सैल.

उताण्या अवस्थेत दिसतो, साधारण तसा चेहरा फेसलिफ्टची शस्त्रक्रिया देऊ शकते. टाके न घालता, भूल न देता होणारी रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणजेच ‘आरएफ’ उपचारपद्धती चेहरा त्या दिशेने थोडासाच सरकवते. थोडासा म्हणजे जबड्याची कड जरा रेखीव होते, गालाची त्वचा घट्ट लागते, डोळ्यांभोवतीच्या बारीक सुरकुत्या कमी होतात. घरच्यांना कदाचित कळणारही नाही, तुम्हाला मात्र कळेल. एवढ्यावर समाधान असेल तर हा उपचार विचार करण्याजोगा आहे. ‘दहा वर्षांनी तरुण दिसाल’ असं कुणी सांगत असेल, तर तिथून उठलेलं बरं.

चेहरा ओघळण्याची कारणं एकाच थरात नसतात. त्वचेतलं कोलॅजेन वयानुसार हळूहळू घटतं आणि रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्त्रियांच्या त्वचेतलं सुमारे 30 टक्के कोलॅजेन कमी होतं. उन्हातली अतिनील किरणं आणि सिगारेट ही गती वाढवतात. पण त्वचेखाली चरबीच्या गाद्या असतात, त्या विरतात आणि खाली सरकतात. त्याखालचं जबड्याचं आणि डोळ्यांच्या खोबणीचं हाड वयानुसार झिजतं. दाढा काढलेल्या असतील तर गाल आणखी आत जातात. या सगळ्यांपैकी आरएफ प्रामुख्याने एकाच गोष्टीवर काम करते, ती म्हणजे त्वचेतलं कोलॅजेन. हाड झिजल्याने बसलेल्या चेहऱ्यावर कितीही बैठका घेतल्या तरी हाड परत येत नाही. निराश होऊन परतणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत मशीन वाईट नसतं. सैलपणा कुठल्या थरात आहे हे कुणी तपासलेलंच नसतं.

अलीकडे यात एक नवा वर्ग आला आहे. वजन उतरवणारी इंजेक्शनं, म्हणजे 2025मध्ये भारतात आलेली माउंजारो आणि वेगोव्ही, घेऊन झपाट्याने बारीक झालेले लोक. त्यांचे गाल बसलेले असतात आणि वरची त्वचा मोकळी झालेली असते. असा चेहरा मागतो भरीवपणा, आणि उष्णता तो देऊ शकत नाही. उलट खोलवर दिलेली उष्णता उरलीसुरली चरबीही घटवू शकते. मुळात बारीक, हाडं दिसणारा चेहरा असलेल्यांनी म्हणूनच आरएफबाबत जास्त जपून असावं. गोबऱ्या गालांच्या आणि हनुवटीखाली थोडी चरबी असलेल्या पस्तिशी ते पन्नाशीतल्या माणसाला हा उपचार सहसा जास्त मानवतो.

यात नेमकं होतं काय, ते समजून घेतलं की डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात. त्वचेतून अतिवेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला जातो. थर्माज या सगळ्यात प्रसिद्ध यंत्राची वारंवारता 6.78 मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला 67 लाखांहून अधिक आवर्तनं होतात. इतक्या वेगामुळे स्नायू आखडत नाहीत, शॉक बसत नाही. फक्त ऊतींच्या विरोधामुळे आतल्या आत उष्णता निर्माण होते. हा प्रवाह क्ष-किरणांसारखा पेशींच्या गाभ्याला इजा करणारा नाही, त्यामुळे ‘रेडिएशन’च्या भीतीने मागे हटायचं कारण नाही. भीती असेलच तर ती भाजण्याची असावी. शस्त्रक्रियागृहात रक्तवाहिन्या जाळून बंद करायला जी कॉटरी वापरतात, तिच्यातही याच जातीचा प्रवाह असतो. बोव्ही आणि कुशिंग यांनी 1926मध्ये बोस्टनला तो मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरून दाखवला होता. पार्लरच्या खुर्चीवर बसून कुणाच्याही हातून करून घ्यावी अशी ही गोष्ट नाही, एवढं त्यावरून लक्षात यावं.

कोलॅजेनचे तंतू पुरेसे तापले की आक्रसतात, विस्तवावर धरलेल्या उडदाच्या पापडाच्या कडा आत वळतात तसे. पण चेहऱ्याचा पापड करायचा नाही! म्हणून त्वचेचा पृष्ठभाग थंड ठेवून खालचा थर तापवतात, किंवा पृष्ठभागाचं तापमान 40 ते 42 अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटं राखतात. त्या दिवशी दिसणारा घट्टपणा बराचसा सुजेचा असतो, तो दोन-चार दिवसांत ओसरतो. उष्णतेची किंचित इजा झालीय असं समजून शरीर नवं कोलॅजेन तयार करू लागतं. खरा फरक तिथून पडतो, आणि तो दिसायला तीन ते सहा महिने लागतात.

यंत्रांची नावं ऐकून गोंधळू नका, प्रकार मोजकेच आहेत. मोनोपोलर प्रकारात एक ध्रुव चेहऱ्यावरच्या हॅन्डपीसमध्ये आणि दुसरा पाठीला किंवा मांडीला चिकटवलेल्या पॅडमध्ये असतो, त्यामुळे उष्णता खोल जाते. थर्माज याच गटातलं. अमेरिकेच्या एफडीएने त्याला 2002मध्ये डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांसाठी आणि 2004मध्ये पूर्ण चेहऱ्यासाठी परवानगी दिली. सुरुवातीच्या वर्षांत एकाच फेरीत जास्त ऊर्जा देण्याची पद्धत होती. लोकांना असह्य दुखायचं आणि काहींच्या गालांना चरबी विरून खळगे पडले. पुढे कमी ऊर्जा आणि जास्त फेऱ्या अशी पद्धत रूढ झाली आणि तक्रारी घटल्या. हा इतिहास ठाऊक असावा, कारण ‘जास्त पॉवर लावा, लवकर फरक पडेल’ असं सांगणारे पेशंट आजही आहेत. बायपोलर आणि मल्टिपोलर प्रकारांत सगळे ध्रुव हॅन्डपीसमध्येच असतात. उष्णता वरच्या थरात राहते, त्रास कमी आणि फरकही कमी. एक ते दोन आठवड्यांच्या अंतराने चार-सहा बैठका कराव्या लागतात.

तिसरा प्रकार सध्या सगळ्यात जास्त चालतो, तो म्हणजे मायक्रोनीडलिंग आरएफ, क्लिनिकमधल्या भाषेत एमएनआरएफ. मॉर्फिअस8 हे त्यातलं जाहिरातींमुळे तोंडी झालेलं नाव. केसासारख्या बारीक सुयांचा गुच्छ त्वचेत शिरतो आणि सुयांच्या टोकाशी उष्णता सोडतो. मुरुमांचे खड्डे आणि सैलपणा दोन्ही असणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन-चार बैठका लागतात. इथे सगळा खेळ खोलीचा. पापणीची त्वचा एक मिलिमीटरहूनही पातळ, गालाची त्याहून बरीच जाड. गालासाठी ठरवलेली खोली डोळ्याखाली वापरली, किंवा सुया त्वचा ओलांडून चरबीत गेल्या, की घोटाळा. ऑक्टोबर 2025मध्ये एफडीएने याच प्रकाराबद्दल इशारा दिला. भाजणं, व्रण, चरबी विरणं, चेहरा विद्रूप होणं आणि मज्जातंतूंना इजा अशा तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. हा उपचार घरी करायचा नाही आणि प्रशिक्षित, परवानाधारक वैद्यकीय व्यक्तीकडूनच करून घ्यायचा, असं त्यांनी बजावलं.

हायफू हे यातलं नव्हे. ती ध्वनिलहरींची पद्धत आहे. पॅकेजमध्ये दोन्ही एकत्र विकतात म्हणून लोक घोळ करतात, एवढंच.

सावळ्या, गव्हाळ रंगाच्या लोकांना आरएफचा एक खरा फायदा आहे. लेसर बऱ्याचदा त्वचेतल्या रंगद्रव्याला धरतो, त्यामुळे आपल्याकडच्या त्वचेवर तो जपून वापरावा लागतो. विद्युतप्रवाहाला रंग दिसत नाही. तरीही डाग पडतच नाहीत असं नाही. सुयांच्या प्रकारात डाग उमटू शकतात, विशेषतः त्याआधी किंवा नंतर उन्हात फिरणं झालं तर. आणि ज्यांना वांग आहेत त्यांनी आधी ते आटोक्यात आणावेत, कारण उष्णतेने वांग भडकू शकतात. गाल घट्ट झाले पण वांग गडद झाले, हा सौदा कुणालाच परवडत नाही.

काहींनी मात्र या वाटेला जाऊच नये. पेसमेकर किंवा हृदयात बसवलेला डीफिब्रिलेटर असेल, गरोदर असाल, चेहऱ्यावर संसर्ग किंवा पिकलेले मुरुम असतील तर नाही. जखमेवर गाठीसारखा उंच व्रण म्हणजे केलॉइड येण्याची प्रवृत्ती असेल तर सुयांचा प्रकार नको. जबड्यात धातूची पट्टी बसवलेली असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल, ल्युपससारखा आजार असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता स्वतः सांगा. ओठांवर वारंवार ‘जर’ म्हणजे बारीक फोड येत असतील तर तेही सांगा, कारण उष्णतेने ते उफाळतात आणि आधीपासून गोळी सुरू करून टाळता येतात. फिलर किंवा धागे घातलेले असतील तर कुठे आणि कधी, ते सांगा. दोन्ही करायचं ठरत असेल तर सहसा आधी आरएफ आणि मग फिलर हा क्रम पाळतात.

आता डॉक्टर कोण, हा प्रश्न. माझं मत विचाराल तर यंत्राच्या नावापेक्षा हा प्रश्न दसपटीने महत्त्वाचा. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटी कुणीही लावू शकतं, काही आठवड्यांचा कोर्स करूनही. त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही, डीव्हीडी अशी पदविका असलेला, किंवा प्लास्टिक सर्जरीत एमसीएच केलेला डॉक्टर हवा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदणी तपासता येते. पाटीवर नाव एकाचं आणि मशीन हातात दुसऱ्याच्याच, असंही सर्रास चालतं. तेव्हा ‘हॅन्डपीस कोण धरणार?’ हे सरळ विचारा. उत्तर ‘आमचा ट्रेन्ड स्टाफ’ असेल तर त्या वेळी डॉक्टर खोलीत असतील की बाहेर, हेही विचारा. संकोच कशाला? चेहरा तुमचा आहे.

चांगली तपासणी कशी ओळखायची? डॉक्टर तुम्हाला बसवून बघतात, झोपवून बघतात, गालाची त्वचा चिमटीत धरून सोडतात आणि ती किती वेळात जागेवर येते ते पाहतात, जुने फोटो मागतात. आणि मुख्य म्हणजे, तुमच्या बाबतीत काय होणार नाही ते सांगतात. कपाळावरच्या आठ्या बोटॉक्सने जातात, आरएफने नाही, असं स्पष्ट सांगणारा डॉक्टर दहा रिल्सपेक्षा भरवशाचा. याउलट काउन्सेलर नावाची कुणीतरी हसतमुख व्यक्ती पहिल्याच दहा मिनिटांत सहा बैठकांचं पॅकेज, ‘आजच भरलं तर’ सवलत आणि ईएमआयचा कागद पुढे करत असेल, तर तपासणी अजून झालेलीच नाही असं समजा.

पैशांचं म्हणाल तर साध्या बायपोलर बैठकीला काही हजार, एमएनआरएफला त्याहून बरेच जास्त, आणि थर्माजला लाखाच्या घरात किंवा पुढे, असा सर्वसाधारण हिशेब असतो. शहर आणि डॉक्टर बदलले की तो बदलतो. निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचारांवर जीएसटी लागतो आणि आरोग्य विमा यातलं काही देत नाही, म्हणून सांगितलेला आकडा करासहित की करावेगळा, हे आधीच विचारून घ्या. दुसऱ्या क्लिनिकपेक्षा निम्म्या दरात सुयांचा उपचार मिळतोय, तर टिप नवी असणार का, हा प्रश्न मनात यायला हवा. सुयांची टिप एकाच व्यक्तीसाठी असते. सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. थर्माजच्या टिपवर ठरावीक शॉट्स असतात, ते किती आणि सगळे तुमच्यावरच वापरणार ना, हे विचारणं गैर नाही.

वेळ साधणं हा या उपचारातला निम्मा शहाणपणा. मुलीचं लग्न डिसेंबरात असेल तर नोव्हेंबरात धावपळ करून उपयोग नाही. गणपतीच्या आधी पहिली बैठक झाली, तर तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांपर्यंत काहीतरी दिसू लागेल. एप्रिल-मेच्या लग्नांसाठी दिवाळीनंतर लगेच सुरुवात करा. त्यातही पहिल्या बैठकांच्या वेळी ऊन सौम्य असतं, हा फायदाच. अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेल्यांनी पुण्यात किंवा मुंबईत एमएनआरएफ ‘उरकून’ घेऊ नये. एकच बैठक होते, उरलेल्या राहतात, आणि काही बिघडलं तर बघायला डॉक्टर सात समुद्रापलीकडे.

उपचाराच्या आधी आठवडाभर ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. रेटिनॉलचं क्रीम डॉक्टर सांगतील तेव्हापासून बंद. त्या दिवशी गळ्यातलं, कानातलं, नाकातलं सगळं काढावं लागतं, कारण धातूजवळ प्रवाह गेला की भाजू शकतं. मंगळसूत्र सहज निघतं, खरी पंचाईत चमकीची. पंधरा वर्षांत न काढलेल्या चमकीच्या फिरकीचं मळसूत्र घट्ट बसलेलं असतं आणि क्लिनिकमधल्या मुली चिमटा घेऊन झटतात, नाकपुडी लाल होते. आदल्या दिवशी सराफाकडे जाऊन ती काढून आणा. मंगळसूत्र काढायला मन घेत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. चेहऱ्यावरच्या काही प्रकारांत ते पदराआड दूर बांधून ठेवण्याची सोय होऊ शकते, पण हा निर्णय त्यांचा, तुमचा नव्हे.

सुरुवातीला चेहरा धुऊन फोटो काढतात. प्रकाश, अंतर आणि कोन तेच ठेवून नंतरचे फोटो काढायचे असतात, म्हणून हे फोटो मन लावून काढले जातात की मोबाइलवर घाईत, ते बघा. सुयांच्या प्रकारात बधिर करणारं क्रीम लावून पाऊण ते एक तास थांबवतात. चेहरा जाड, परका वाटू लागतो. क्रीम पुसून निर्जंतुक केलं की काम सुरू. हॅन्डपीस टेकतो, टक् असा आवाज येतो, सुया शिरून निघतात, टोचल्यासारखं आणि चटका बसल्यासारखं एकदमच वाटतं. गालावर सोसतं, कपाळावर आणि जबड्याच्या कडेला हाड जवळ असल्याने जास्त लागतं. सुयांविना प्रकारात थंड जेल लावून हॅन्डपीस गोल गोल फिरवतात आणि मधूनमधून तापमान मोजतात. दातांना कॅप असतील तर तिथे ऊब जाणवते, गालाआड कापसाची घडी ठेवायला सांगता येतं.

या सगळ्यात तुमचं तोंड उघडं असणं फार गरजेचं आहे. आपल्याकडे, विशेषतः बायकांना, दुखलं तरी गप्प बसायची सवय असते. इथे ती सवय घातक. ‘गरम’ आणि ‘भाजतंय’ यातला फरक फक्त तुम्हाला कळतो. एकाच जागी तीक्ष्ण चटका बसला तर लगेच ‘थांबा’ म्हणा. म्हणूनच झोप आणणारं औषध किंवा गुंगी देऊन हा उपचार करू देऊ नका. तुमची तक्रार हाच डॉक्टरांचा सगळ्यात चांगला मापक असतो.

घरी आल्यावर साध्या आरएफनंतर काही तास लाली असते, बस्स. सुयांनंतर एक ते तीन दिवस बारीक ठिपके, थोडी सूज आणि खरखरीतपणा राहतो. पहिले चोवीस तास मेकअप नको. चार-पाच दिवस वाफ, गरम पाण्याने तोंड धुणं, जिम, आणि हळद-बेसन-लिंबाचे लेप नकोत. लिंबू तर मुळीच नको. साधं मॉइश्चरायझर आणि एसपीएफ 30 किंवा अधिकचं सनस्क्रीन, घरात बसलात तरी खिडकीतून ऊन येत असेल तर तिथेही. फोड आले, पांढरी किंवा राखाडी जागा दिसली, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू झाला किंवा हसताना ओठांची एक बाजू खाली राहिली, तर ‘थोडं होतंच’ असं फोनवर ऐकून गप्प बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना चेहरा दाखवा.

घरी वापरायच्या छोट्या आरएफ यंत्रांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. सुया नसलेली ही यंत्रं सुरक्षित राहावीत म्हणून इतकी सौम्य केलेली असतात की परिणामही सौम्यच असतो. घेतलं असेल तर वापरा, नसेल तर ते पैसे सनस्क्रीनवर घाला.

पहिली बैठक झाली की कागद मागा: यंत्राचं नाव, किती ऊर्जा, सुया किती मिलिमीटर, किती शॉट्स. पुढे डॉक्टर बदलावे लागले किंवा काही बिघडलं तर हा कागद उपयोगी पडतो. पूर्वीचे फोटोही ई-मेलवर मागून घ्या. बैठका संपल्यानंतर तीन महिन्यांनी त्याच खोलीत, त्याच प्रकाशात नवे फोटो काढायला सांगा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. काही लोकांमध्ये फरक पडतच नाही. त्यात त्यांची चूक नसते. त्या फोटोंत काही दिसत नसेल तर सहा महिन्यांपर्यंत थांबा, तोवर नवं पॅकेज घेऊ नका. फरक दिसला, आवडला, तर वर्ष-दीड वर्षाने एखादी बैठक पुन्हा घेता येते, कारण वय वाढायचं काही थांबलेलं नसतं.